उष्णता, वीज आणि चुंबकत्व : तापविद्युत पदार्थांच्या संशोधनाचा आढावा

घन पदार्थाच्या दोन टोकांच्या तापमानात फरक असला की त्या टोकांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. एक टोक तापले की तिथले विद्युतभार वाहणारे कण अधिक जोराने हलू लागतात, थंड टोकाकडे सरकतात आणि तिथे साचतात. साचलेल्या भारामुळे उलटा दाब तयार होतो आणि दोन्ही ओढींचा तोल साधला की प्रवाह थांबतो. बाहेरून तार जोडून दिली तर हीच वीज वापरता येते. तापमानातल्या दर केल्विन फरकामागे किती व्होल्ट मिळतात, त्या आकड्याला सीबेक गुणांक म्हणतात. तांब्यात तो दोन मायक्रोव्होल्टांच्या आसपास असतो, तर चांगल्या तापविद्युत अर्धसंवाहकात दोनशेच्या. क्रिया उलटी चालवून पदार्थातून वीज सोडली तर एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते. दोन्ही प्रकारांत वाफ, पंप, पाते असा हलणारा एकही भाग लागत नाही, म्हणून असे उपकरण दशकानुदशके देखभालीशिवाय चालू शकते. अडचण एकच आहे: त्याची कार्यक्षमता कमी. ती का कमी आहे आणि ती वाढवण्यासाठी भौतिकीतज्ज्ञांनी काय काय केले, हा या क्षेत्रातला मुख्य प्रश्न आहे. गेल्या तीस वर्षांत त्याच्या उत्तरात चुंबकीय पदार्थांनी मोठी जागा घेतली आहे.

चुंबकत्व मात्र या कथेत पहिल्या दिवसापासून हजर होते. १८२१ मध्ये बर्लिनमध्ये थॉमस योहान सीबेक यांनी दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांना जोडून एक बंद कडे तयार केले आणि आत होकायंत्राची सुई ठेवली. एक सांधा गरम करताच सुई वळली. हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी विजेच्या प्रवाहाने सुई वळते हे दाखवून जेमतेम वर्ष झाले होते. तरीही सीबेक यांनी वेगळा अर्थ लावला: तापमानातला फरक पदार्थाला थेट चुंबक बनवतो. पृथ्वीचे चुंबकत्वही विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकामुळे असावे, असेही त्यांनी मांडले. ओर्स्टेड यांनी लगेच ओळखले की कड्यातून विजेचा प्रवाह वाहतो आहे आणि सुई त्या प्रवाहामुळे वळते. सीबेक यांना हे पटले नाही. स्पष्टीकरण चुकले तरी त्यांचे काम मोलाचे ठरले, कारण त्यांनी धातू, मिश्रधातू आणि खनिजे मिळून पदार्थांची मोठी यादी तपासली. सव्वाशे वर्षांनी अब्राम इओफे यांनी दाखवून दिले की त्या यादीतले योग्य दोन पदार्थ निवडून जनित्र बांधले असते, तर सुमारे ३ टक्के कार्यक्षमता मिळाली असती. त्या काळातल्या वाफेच्या इंजिनांची मजल साधारण तेवढीच होती.

पुढच्या तीस वर्षांत मूलभूत परिणामांचे चित्र पूर्ण झाले. घड्याळजीचा व्यवसाय सोडून विज्ञानाकडे वळलेले झां पेल्तिए यांना १८३४ मध्ये सांध्यावर होणारा थंडावा दिसला. एमिल लेंझ यांनी १८३८ मध्ये बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून तो विजेने गोठवला आणि प्रवाहाची दिशा उलटी करून पुन्हा वितळवला. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५० च्या दशकात सीबेक आणि पेल्तिए यांचे परिणाम एकाच गणिती नात्यात बांधले. या काळात तापविद्युतीचा मोठा उपयोग मोजमापाला झाला. गेओर्ग ओम यांनी आपल्या नियमापर्यंत पोहोचताना विजेचा स्थिर स्रोत म्हणून असेच सांधे वापरले होते. आजही भट्टीचे तापमान थर्मोकपलनेच मोजतात. ऊर्जेचे साधन म्हणून मात्र हा विषय मागे पडला, कारण धातूंमधून मिळणारी वीज फारच थोडी होती.

ती थोडी का, याचे पहिले नेमके उत्तर जर्मनीतल्या एडमुंड आल्टेनकिर्श यांनी १९०९ ते १९११ या काळात दिले. चांगल्या पदार्थात तीन गोष्टी एकत्र हव्यात. सीबेक गुणांक मोठा असावा म्हणजे दाब भरपूर मिळतो. विद्युत संवाहकता जास्त असावी म्हणजे वीज आतल्या आत उष्णतेत वाया जात नाही. उष्णता संवाहकता मात्र कमी असावी, नाहीतर उष्णता गरम टोकाकडून थंड टोकाकडे तशीच निसटते आणि तापमानातला फरकच टिकत नाही. इओफे यांनी हे तिन्ही गुण एका आकड्यात आणले. सीबेक गुणांकाचा वर्ग गुणिले विद्युत संवाहकता गुणिले तापमान, भागिले उष्णता संवाहकता: हा आकडा जगभर झेडटी म्हणून ओळखला जातो.

झेडटीचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. गरम बाजू ५०० केल्विन आणि थंड बाजू ३०० केल्विन असेल, तर निसर्गनियमानुसार कोणत्याही यंत्राची कमाल कार्यक्षमता ४० टक्के असते. पदार्थाचा झेडटी १ असेल तर प्रत्यक्षात ८ टक्के हाती लागतात, २ असेल तर साडेबारा आणि ४ असेल तर सतराच्या आसपास. झेडटीला वरची मर्यादा घालणारा कोणताही नियम ज्ञात नाही, आणि संशोधकांना या विषयाकडे पुन्हा पुन्हा ओढणारी गोष्ट हीच आहे.

मर्यादा नाही म्हणून वाट सोपी होत नाही. तिन्ही गुण एकमेकांत गुंतलेले आहेत. इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवली की विद्युत संवाहकता वाढते, पण सीबेक गुणांक घसरतो. शिवाय इलेक्ट्रॉन विजेबरोबर उष्णताही वाहून नेतात आणि धातूंमध्ये या दोन्हींचे प्रमाण जवळजवळ ठरलेले असते. त्यातून एक कठोर निष्कर्ष निघतो: अणूंच्या कंपनांतून जाणारी उष्णता पूर्ण थांबवली, तरी झेडटी १ गाठायला सीबेक गुणांक किमान १५६ मायक्रोव्होल्ट प्रतिकेल्विन हवाच. एकही शुद्ध साधा धातू तिथवर पोहोचत नाही. निरोधकांत गुणांक प्रचंड असतो, पण वीजच वाहत नाही. दोन्हींच्या मधला पट्टा, म्हणजे घन सेंटिमीटरला १० च्या १९ व्या ते २१ व्या घाताइतके वाहक असलेले, भरपूर अशुद्धी मिसळलेले अर्धसंवाहक, ही कामाची जागा.

ती जागा ओळखण्याचे श्रेय प्रामुख्याने इओफे यांचे. युक्रेनमधल्या रोम्नी गावी १८८० मध्ये जन्मलेल्या या भौतिकीतज्ज्ञाने म्युनिकमध्ये रॉन्टगेन यांच्या हाताखाली काम केले आणि पुढे लेनिनग्राडमध्ये सोव्हिएत भौतिकीची एक अख्खी पिढी घडवली. त्यांच्या शिष्यवर्गात कापित्सा आणि कुर्चातोव्ह यांच्यासारखी नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या संस्थेने गनिमी सैनिकांसाठी एक भांडे तयार केले. ते शेकोटीवर ठेवले की तळाशी बसवलेले तापविद्युत सांधे गरम व्हायचे, आतले पाणी दुसरी बाजू थंड ठेवायचे आणि मिळणाऱ्या विजेवर बिनतारी संच चालायचा. युद्धानंतर रॉकेलच्या दिव्यावर बसवायचे जनित्र आले. दिव्याच्या काचेभोवती धातूच्या पंख्यांची माळ, तिच्या आत झिंक अँटिमनाइड आणि कॉन्स्टंटन यांच्या जोड्या. वीज न पोहोचलेल्या सोव्हिएत खेड्यात त्या एकाच दिव्यावर उजेडही मिळे आणि रेडिओही चाले. १९५० च्या सुमारास ज्यूविरोधी मोहिमेत इओफे यांना स्वतः उभारलेल्या संस्थेचे संचालकपद सोडावे लागले. त्यांनी अर्धसंवाहकांची वेगळी प्रयोगशाळा सुरू केली आणि तापविद्युतीवरचे आपले महत्त्वाचे पुस्तक त्यानंतर लिहिले. मिश्र स्फटिक वापरण्याची कल्पनाही त्यांच्याच गटाची. जालकात वजनाने वेगळे अणू पेरले तर उष्णता वाहणारी कंपने अडखळतात, पण इलेक्ट्रॉनांना तेवढा त्रास होत नाही. पुढच्या सत्तर वर्षांतल्या बहुतेक युक्त्या याच कल्पनेच्या शाखा आहेत.

इंग्लंडमध्ये ज्युलियन गोल्डस्मिड हे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या वेम्बली प्रयोगशाळेत जड अणूंच्या संयुगांकडे वळले. १९५४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी डग्लस यांनी बिस्मथ टेल्युराइडच्या सांध्याने २६ अंश सेल्सियस इतका थंडावा मिळवून दाखवला. हे संयुग आणि त्याचे अँटिमनी व सेलेनियमबरोबरचे मिश्रण आजही खोलीच्या तापमानाजवळ अव्वल मानले जाते. करोनाकाळात घरोघरी माहीत झालेल्या आरटी-पीसीआर चाचणीच्या यंत्रात नमुने वारंवार तापवणारा आणि थंड करणारा ठोकळा बहुधा याच पदार्थाच्या पेल्तिए पट्ट्यांवर चालतो.

ऊर्जानिर्मितीत तापविद्युतीने अंतराळ जिंकले. १९६१ मध्ये ट्रान्झिट ४ए या अमेरिकी उपग्रहावर प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारे २.७ वॅटचे जनित्र गेले. १९७७ मध्ये निघालेल्या प्रत्येक व्हॉयेजर यानावर सिलिकॉन-जर्मेनियमची तीन जनित्रे होती आणि उड्डाणाच्या वेळी ती मिळून सुमारे ४७० वॅट वीज देत. प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य ८७.७ वर्षे आहे, त्यामुळे वीज दरवर्षी थोडी थोडी घटते. तरीही सूर्यमालेच्या वेशीपलीकडून संदेश येत राहिले ते याच जनित्रांमुळे. मंगळावरच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स या गाड्यांवरचे जनित्र सुरुवातीला सुमारे २००० वॅट उष्णतेतून ११० वॅट वीज काढते. साडेपाच टक्के हा आकडा दिसायला लहान आहे. जिथे सूर्यप्रकाश क्षीण आणि दुरुस्ती अशक्य, तिथे त्याला पर्याय नाही.

अंतराळातल्या पहिल्या यशानंतर तीस वर्षे झेडटी एकच्या आसपास अडकून राहिला. विषय संपला असे अनेकांना वाटले आणि प्रयोगशाळा बंद होत गेल्या. १९९० च्या दशकात दोन वेगळ्या विचारांनी ही कोंडी फुटली. पहिला विचार ग्लेन स्लॅक यांचा: पदार्थ इलेक्ट्रॉनांना स्फटिकासारखा आणि कंपनांना काचेसारखा भासला पाहिजे. स्कटेरुडाइट या गटातल्या स्फटिकांत अणूंच्या पिंजऱ्यासारख्या पोकळ्या असतात. त्यांत लँथेनमसारखा जड अणू सैल बसवला तर तो जागच्या जागी थरथरतो आणि उष्णतेच्या लहरी विस्कटून टाकतो. १९९६ मध्ये ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या ब्रायन सेल्स आणि डेव्हिड मँड्रस यांच्या गटाने हे प्रत्यक्ष दाखवले. हे दोघेही मुळात चुंबकीय आणि अतिसंवाहक संयुगांचे अभ्यासक होते. दुसरा विचार एमआयटीतल्या मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस आणि लिंडन हिक्स यांचा. इलेक्ट्रॉनांना काही नॅनोमीटर जाडीच्या थरात किंवा तारेत कोंडले तर त्यांच्या ऊर्जापातळ्या बदलतात आणि सीबेक गुणांक व विद्युत संवाहकता यांची साखळी सैल पडते, असे गणित त्यांनी १९९३ मध्ये मांडले. नॅनोरचनांच्या पुढच्या साऱ्या कामाला या मांडणीने चालना दिली.

यानंतरच्या घडामोडी एका माणसाच्या कारकिर्दीतून जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या क्वचितच दिसतील. जोसेफ हेरेमान्स यांनी १९७८ मध्ये बेल्जियममध्ये डॉक्टरेट घेतली आणि १९८४ मध्ये ते अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे त्यांचा एक मोठा विषय होता इंडियम अँटिमनाइड. या अर्धसंवाहकाचा विद्युतरोध चुंबकक्षेत्रात झपाट्याने बदलतो. इंजिनाचा फिरणारा दांडा नेमका कोणत्या कोनात आहे हे ओळखण्यासाठी त्यापासून संवेदक बनवता येतो. मोटारीच्या इंजिनातल्या तापमानाला टिकणारा आणि स्वस्तात तयार होणारा संवेदक बनवताना पदार्थाचा प्रत्येक गुण हाताखालून जातो, आणि हेरेमान्स यांच्या पुढच्या कामात ही सवय दिसत राहते. याच काळात त्यांनी ड्रेसेलहाउस यांच्या गटाबरोबर बिस्मथच्या नॅनोतारांवर काम केले. तारा पुरेशा बारीक झाल्या की अर्धधातू असलेला बिस्मथ अर्धसंवाहकासारखा वागू लागतो आणि त्याचा सीबेक गुणांक खूप वाढतो, हे त्यांनी मोजून दाखवले. विद्युतरोधही त्याबरोबर वाढल्यामुळे व्यवहारात फायदा झाला नाही, पण सिद्धांत तपासला गेला.

२००५ मध्ये ते ओहायो राज्य विद्यापीठात आले. २००८ मध्ये त्यांचा, जेफ्री स्नायडर यांचा आणि जपानी सहकाऱ्यांचा मिळून एक निबंध प्रसिद्ध झाला आणि क्षेत्राची दिशा पुन्हा बदलली. लेड टेल्युराइडमध्ये थोडे थॅलियम मिसळले की थॅलियमची ऊर्जापातळी मूळ पदार्थाच्या पट्ट्यात नेमक्या जागी मिसळते आणि तिथे इलेक्ट्रॉनी अवस्थांची दाटी होते. त्यामुळे वाहकांची संख्या तीच राहूनही सीबेक गुणांक वाढतो. ७७३ केल्विनला झेडटी १.५ झाला, म्हणजे त्या पदार्थाच्या आधीच्या आकड्याच्या दुप्पट. तोवरचे बहुतेक यश उष्णता अडवून मिळाले होते. हे यश इलेक्ट्रॉनांची बाजू सुधारून मिळाले. थॅलियम विषारी असल्याने हा पदार्थ बाजारात येण्याजोगा नाही, तरी ऊर्जापट्ट्यांची मुद्दाम रचना करण्याचा मार्ग इथून रुंद झाला. पुढे स्नायडर यांच्या गटाने दोन ऊर्जापट्टे एका पातळीवर आणून लेड टेल्युराइड-सेलेनाइडमध्ये झेडटी १.८ पर्यंत नेला.

उष्णता वाहून नेण्याचे काम इलेक्ट्रॉन आणि फोनॉन, म्हणजे जालकाच्या कंपनांचे पुंज, एवढ्यांवरच संपत नाही. चुंबकीय पदार्थात अणूंची स्पिन, म्हणजे त्यांच्या अंगभूत चुंबकत्वाच्या दिशा, एका शिस्तीत उभी असतात. तापमानामुळे त्या शिस्तीत लहरी उठतात आणि त्या लहरींच्या पुंजांना मॅग्नॉन म्हणतात. त्याही उष्णता वाहतात आणि इलेक्ट्रॉनांना धक्का देऊ शकतात. चुंबकत्वाचा तापविद्युतीवर परिणाम होतो याची चाहूल पूर्वीच लागली होती. सोन्यात फक्त ०.०७ टक्के लोखंड मिसळले की अतिशीत तापमानाला त्याचा सीबेक गुणांक विलक्षण वाढतो, आणि म्हणून शीतभौतिकीच्या प्रयोगशाळांत या मिश्रधातूचे थर्मोकपल वापरतात. लोखंडाचे एकटेदुकटे चुंबकीय अणू सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांशी कसे गुंततात याचे स्पष्टीकरण जुन कोन्डो यांच्या १९६४ च्या सिद्धांतातून मिळाले.

या वाटेवरचा सर्वांत मनोवेधक पदार्थ सोडियम कोबाल्टेट. १९९७ मध्ये इचिरो तेरासाकी यांच्या गटाला जपानमध्ये आढळले की या ऑक्साइडमधून वीज धातूसारखी वाहते, तरी त्याचा सीबेक गुणांक खोलीच्या तापमानाला १०० मायक्रोव्होल्टांच्या घरात आहे. साध्या धातूच्या हिशेबात हे बसत नव्हते. उत्तर स्पिनच्या एंट्रॉपीत निघाले. कोबाल्टचा एक अणू दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देतो तेव्हा भाराबरोबर स्पिनच्या दोन शक्य दिशांची अनिश्चितताही पुढे सरकते. फक्त या अनिश्चिततेची किंमत दर केल्विनला सुमारे ६० मायक्रोव्होल्ट भरते. ही कल्पना पारखण्यासाठी प्रिन्स्टनमध्ये फुआन ओंग यांच्या गटाने २००३ मध्ये जो प्रयोग केला त्याची रचना फार सुंदर आहे. स्पिनच्या दिशांची मोकळीक हेच खरे कारण असेल, तर जबर चुंबकक्षेत्रात सगळी स्पिन एका दिशेला वळवल्यावर ती मोकळीक संपायला हवी आणि विद्युतदाबही जायला हवा. अतिशीत तापमानाला स्फटिक चुंबकक्षेत्रात ठेवला आणि सीबेक गुणांक खरोखरच जवळजवळ शून्यावर आला.

हेरेमान्स यांच्या कामाचा उत्तरार्ध याच दिशेचा आहे. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने लिथियम मिसळलेल्या मँगनीज टेल्युराइडवरचा निबंध प्रसिद्ध केला. हा पदार्थ ३०७ केल्विनच्या खाली प्रतिलोहचुंबकीय असतो, म्हणजे त्यातली शेजारची स्पिन एकमेकांच्या उलट दिशेला असतात. त्या तापमानाच्या वर ही शिस्त मोडते, म्हणून मॅग्नॉनांचा धक्काही थांबावा अशी अपेक्षा होती. तो ९०० केल्विनपर्यंत टिकून राहिला. न्यूट्रॉनांच्या मोजमापांनी कारण दाखवले: दूरवरची शिस्त मोडली तरी लहान लहान टापूंत ती क्षणभर उभी राहते, आणि वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनाला तो क्षण पुरेसा असतो. झेडटी एकच्या वर गेला. चुंबकत्वाच्या जोरावर तापविद्युत पदार्थ कामाच्या पातळीला पोहोचला, याचे हे ठोस उदाहरण. त्याआधी २०१५ मध्ये याच गटाने इंडियम अँटिमनाइडचा एक स्फटिक ४ मिलिमीटर आणि १ मिलिमीटर रुंदीच्या दोन भुजांच्या चिमट्यासारखा कापला आणि अतिशीत तापमानाला ७ टेस्लाच्या क्षेत्रात त्याची उष्णता संवाहकता १२ टक्क्यांनी घटते असे दाखवले. हा पदार्थ चुंबकीय नाही. तरी त्यातली जालकाची कंपनेही चुंबकक्षेत्राची दखल घेतात असा त्याचा अर्थ. तंत्रज्ञानाला याचा आज उपयोग नाही, पण उष्णतेच्या स्वरूपाबद्दल इतके नवे सांगणारे प्रयोग थोडेच असतात.

दुसरीकडे चुंबकीय पदार्थांतून वीज काढण्याची सर्वस्वी नवी तऱ्हा जपानमध्ये निघाली. २००८ मध्ये केइओ विद्यापीठात केन-इची उचिदा, एइजी साइतोह आणि सहकाऱ्यांनी निकेल-लोखंडाच्या चुंबकीय पापुद्र्यावर प्लॅटिनमची बारीक पट्टी चढवली आणि पापुद्र्याची टोके वेगवेगळ्या तापमानांना ठेवली. उष्णतेमुळे पापुद्र्यातून प्लॅटिनममध्ये स्पिनचा प्रवाह शिरतो आणि प्लॅटिनम त्याचे रूपांतर विद्युतदाबात करते, असा त्यांचा दावा होता. याला स्पिन सीबेक परिणाम म्हणतात. २०१० मध्ये हाच परिणाम विद्युत निरोधक असलेल्या चुंबकीय गार्नेटमध्येही दिसला. जिथे इलेक्ट्रॉन वाहूच शकत नाहीत तिथे स्पिनचा संदेश मॅग्नॉनच पोहोचवत असणार, हे त्यातून उघड झाले. त्याच वर्षी हेरेमान्स यांच्या गटाने गॅलियम मँगनीज आर्सेनाइडचा चुंबकीय पापुद्रा मधोमध ओरखडून तोडला. तरीही दोन्ही तुकड्यांवरचे दाब पूर्वीच्याच क्रमाने मिळाले. म्हणजे दूरच्या टोकापर्यंत खबर नेणारे वाहन पापुद्र्यात नसून खालच्या आधारात होते आणि ते बहुधा फोनॉन होते.

मूळ मांडणीवर पुढे जोरदार वाद झाला. पातळ पापुद्र्याखाली जाड आधार असला की उष्णता आडवी जाण्याऐवजी थोडी खालीही झिरपते आणि मग नर्न्स्ट परिणामाचा दाब त्यात मिसळतो. चुंबकक्षेत्र आणि उष्णतेचा ओघ एकमेकांना काटकोनात असले की तिसऱ्या दिशेला दाब मिळतो. एटिंग्सहाउझेन आणि नर्न्स्ट यांनी १८८६ मध्ये शोधलेला हा परिणाम लोहचुंबकांत बाहेरच्या क्षेत्राशिवायही दिसतो. काही गटांनी काळजीपूर्वक मोजले तेव्हा आडव्या मांडणीतला स्पिन सीबेक संकेत सापडलाच नाही. गार्नेट आणि प्लॅटिनम यांची उभी मांडणी मात्र टिकली आणि आज तीच प्रमाण मानली जाते. या वादात कुणाचीही नाचक्की झाली नाही. उलट नर्न्स्ट परिणामाकडे सर्वांचे नव्याने लक्ष गेले. नेहमीच्या लोहचुंबकात तो दर केल्विनला एका मायक्रोव्होल्टाहून कमी असतो. कोबाल्ट, मँगनीज आणि गॅलियम यांच्या हॉइस्लर मिश्रधातूत तो सुमारे सहा मायक्रोव्होल्ट निघाला. पुढे लोखंड आणि अॅल्युमिनियमसारख्या स्वस्त मूलद्रव्यांच्या संयुगातही तो बराच मोठा असल्याचे २०२० मध्ये दिसले. इथे वीज उष्णतेच्या काटकोनात मिळते. त्यामुळे शेकडो सांधे जुळवण्याऐवजी पाइपाभोवती एकच पापुद्रा गुंडाळला तरी चालेल. मिळणारी वीज अजून नगण्य असली तरी उष्णतेचा ओघ मोजणाऱ्या संवेदकासाठी ती पुरते.

या साऱ्या आकड्यांमागचे रोजचे काम चिकाटीचे असते. शुद्ध मूलद्रव्ये मिलिग्रॅमपर्यंत तोलून क्वार्ट्झच्या नळीत भरायची, हवा काढून ज्योतीने नळीचे तोंड बंद करायचे, भट्टीत वितळवायचे आणि ठरलेल्या वेगाने थंड करायचे. मग गोळा फोडून, दळून, दाबाखाली तापवून त्याची नाण्याएवढी टिकली करायची. टिकलीच्या एका बाजूवर लेसरचा झोत टाकून दुसरी बाजू किती वेळात तापते यावरून उष्णतेचा प्रसार मोजतात. तिच्यातूनच कापलेल्या कांडीवर विद्युतरोध आणि सीबेक गुणांक मोजतात. प्रत्येक मोजमापात काही टक्के चूक असते आणि झेडटीमध्ये या चुका एकत्र येतात, सीबेक गुणांकाची तर वर्गामुळे दुप्पट होऊन. म्हणून विक्रमी आकडा एकाच प्रयोगशाळेत मिळाला तर तो राखूनच वाचावा. टिन सेलेनाइडचा इतिहास याबाबत बोलका आहे. २०१४ मध्ये मर्कुरी कनात्झिदिस यांच्या गटाने त्याच्या एकस्फटिकात, एका विशिष्ट दिशेने, ९२३ केल्विनला झेडटी २.६ असल्याचे जाहीर केले. इतरांना अनेक स्फटिकांच्या टिकल्यांत तेवढी कमी उष्णता संवाहकता मिळेना आणि शंका व्यक्त झाल्या. शेवटी कणांच्या पृष्ठभागावर साचणारे टिनचे ऑक्साइड उष्णता वाहून नेते असे लक्षात आले. ते काढून टाकल्यावर २०२१ मध्ये टिकलीतही झेडटी तीनच्या पुढे गेला.

भारतातले काम या प्रवाहापासून दूर राहिलेले नाही. अलाहाबाद विद्यापीठातले सी. एम. भंडारी यांनी कार्डिफच्या डेव्हिड रोव यांच्याबरोबर १९८३ मध्ये लिहिलेले पुस्तक अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती होते. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तापविद्युत पदार्थांबरोबरच त्यांचे धातूशी होणारे सांधे आणि तयार जनित्रे यांवर काम झाले आहे. चांद्रयान-३ च्या प्रणोदन विभागावर उष्णतेसाठी बसवलेले एक-एक वॅटचे दोन किरणोत्सारी तापक याच केंद्राने तयार केले होते. ते वीज बनवत नाहीत, पण अंतराळातल्या तापविद्युत जनित्राला लागणारा उष्णतेचा स्रोत त्याच जातीचा असतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची चुंबकीय संयुगांची परंपरा जुनी आहे. १९९४ मध्ये तिथे यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात अतिसंवाहकता सापडली आणि त्या कुळात चुंबकत्व व अतिसंवाहकता एकत्र नांदताना अभ्यासता आली. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कनिष्क विश्वास यांच्या गटाने २०२१ मध्ये चांदी, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या जुन्या संयुगात थोडे कॅडमियम मिसळले. एरवी चांदी आणि अँटिमनीचे अणू जालकात कसेही विखुरलेले असतात. कॅडमियममुळे ते काही नॅनोमीटरच्या टापूंत शिस्तीने बसले. इलेक्ट्रॉनांची बाजू सुधारली, त्याच टापूंनी कंपने अडवली आणि ५७३ केल्विनला झेडटी २.६ मिळाला. गोंधळ वाढवून उष्णता अडवण्याच्या प्रचलित समजुतीला छेद देणारा हा निष्कर्ष आहे.

पदार्थ आणि उपकरण यांच्यात मात्र अजून अंतर आहे. बाजारातली बिस्मथ टेल्युराइडची पट्टी दोनशे अंशांच्या फरकावर पाच-सहा टक्क्यांच्या पुढे क्वचितच जाते. त्याची कारणे प्रयोगशाळेतल्या टिकलीत दिसत नाहीत. धातूच्या संपर्काशी विद्युतरोध वाढतो, तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत ठिसूळ कांड्यांना तडे जातात, गरम टोकाला घटक बाष्प होऊन उडतात. टेल्युरियम पृथ्वीच्या कवचात सोन्याइतकेच दुर्मीळ आहे, म्हणून मॅग्नेशियम-अँटिमनी-बिस्मथ आणि हॉइस्लर कुळातल्या स्वस्त पदार्थांकडे आता कल वाढतो आहे. मोटारीच्या धुराड्यातली उष्णता वापरण्याचे प्रयोग या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मोठ्या कंपन्यांनी केले, काहीशे वॅटचे नमुने चालवले, पण खर्चाचा मेळ बसला नाही. झेडटीच्या विक्रमांना मिळते तेवढी प्रतिष्ठा टिकाऊ सांध्याच्या संशोधनाला मिळत नाही, आणि ही या क्षेत्राची खरी उणीव आहे. चुंबकीय बाजूला अपेक्षा दोन ठिकाणी आहेत: मॅग्नॉनांचा धक्का उच्च तापमानाला टिकवणारी मँगनीज टेल्युराइडसारखी संयुगे, आणि नर्न्स्ट परिणामाचे पापुद्रे. पहिल्यात नेहमीच्या सांध्यांच्या अडचणी तशाच राहतात. दुसऱ्यात त्या बऱ्याच टळतात, पण गुणांक किमान दहापटीने वाढल्याखेरीज वीजनिर्मितीचा विचार करता येणार नाही.